पांढरं पेट्रोल

सन १९८८. वैशाखाचे शेवटचे दिवस. मे महिन्याची बारा तारीख, गुरुवार, दुपारचे तीन.

“मग घालू कुठलं?” मी तिसऱ्यांदा विचारलं.

दस्तगीर वस्तादांनी मान वर केली नाही. ते एका जुन्या कार्बोरेटरचं जेट, पेट्रोल सोडणारी बारीक पितळी नळी, फुंकत होते. रमजान चालू होता. पहाटेपासून त्यांच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. मिरजेतली ती पत्र्याची शेड आतून भट्टीसारखी तापली होती.

मी त्यांच्या हाताखाली नऊ वर्षं काढली होती. तीन महिन्यांपूर्वी सोडून गेलो आणि सांगली रस्त्याला स्वतःचं गॅरेज टाकलं. त्यानंतर त्यांच्या शेडमध्ये मी पहिल्यांदाच पाऊल ठेवत होतो.

शिकायला गेलो नव्हतो, हे आधीच सांगतो. दाखवायला गेलो होतो.

दाराबाहेर माझी गाडी उभी होती. डांबरावर चालवायची नव्हे. माती, दगड, उंचवटे यांवरून उडवायची शर्यतीची मोटारसायकल. तिच्या इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, मी अर्धं सूत, इंचाचा सोळावा भाग, घासलं होतं. हेड घासलं की आतली जागा आक्रसते. तेवढ्या जागेत हवा आणि तेल जास्त दाबलं जातं, आणि दाब जास्त म्हणजे धक्का जास्त. हे सगळं मी त्याच शेडमध्ये शिकलो होतो. पण अर्धं सूत घासायची छाती वस्तादांनीही केली नव्हती.

रविवारी शर्यत होती. मिरजेपासून दोन कोसांवर एक तलाव आहे, तो उन्हाळ्यात पुरा आटतो. त्याच्या कोरड्या पोटात गाड्या पळायच्या. मध्ये जुना बांध. गाडी बांधावर चढायची आणि पलीकडे हवेतून जमिनीवर यायची. त्या घटकेला इंजिन जाम झालं तर मागचं चाक जागच्या जागी आवळतं आणि बसणारा डोक्यावरून पुढे जातो.

बसणारा माझा धाकटा भाऊ होता. पिराजी. बावीस वर्षांचा.

आता प्रश्न एकच उरला होता, तेलाचा. पेट्रोलला आम्ही तेलच म्हणायचो.

पंपावर सत्त्याऐंशी आकड्याचं मिळायचं. त्र्याण्णवचं आमच्याकडे मिळत नव्हतं, ते मोठ्या शहरात. दाब वाढवला की आकडा वाढवायचा, एवढं प्रत्येक मिस्त्री तोंडपाठ सांगायचा. आकडा कशाचा, ते कुणी सांगत नव्हतं. मी धरून चाललो होतो की आकडा ताकदीचा.

ताकद ओळखायची आमच्याकडे एक रीत होती. हातभट्टीची पहिल्या धारेची दारू आहे की पाणी घातलेली, ते कसं बघतात? काडी लावतात. भडकली तर पहिल्या धारेची. आम्ही तेलही तसंच बघायचो. जे भडकेल ते जोरदार.

आणि मला तसं तेल सापडलं होतं. मी डबा वस्तादांच्या पुढ्यात ठेवला.

त्यांनी जेट खाली ठेवलं. डब्यातलं थोडं तळहातावर घेतलं. पाण्यासारखं स्वच्छ. हात एका श्वासात कोरडा झाला. डाग नाही, चिकटपणा नाही, वास म्हणावा तर जवळजवळ नाहीच.

एवढं शुद्ध तेल अख्ख्या मिरजेत कुणी बघितलं नसेल, असं मी म्हणालो. मग दोन पत्र्याची झाकणं घेतली. एकात पंपाचं ओतलं, दुसऱ्यात माझं. दोन्हींना काडी लावली.

पंपाचं काजळी सोडत आळसानं जळलं. माझ्याची ज्योत एकदम छातीपर्यंत आली. माझ्या भुवईचे केस जळले.

“पहिल्या धारेचं आहे, वस्ताद.”

ते त्या झाकणाकडे बघत राहिले...

कुठून आणलंस, असं त्यांनी विचारलं. आणलंय कुठूनतरी, असं मी सांगितलं. धंद्यात सगळं सांगायचं नसतं, हेही मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो.

ते उठले. बाहेर आले. किकवर उभे राहिले. पासष्टीचा सडपातळ माणूस. किक खाली गेली नाही, उलट तिनंच त्यांना वर उचललं. त्यांनी पुन्हा पाय दाबला, सावकाश, डोळे मिटून. दाब पायाच्या तळव्यानं मोजत होते.

“चांगला बांधलायस,” ते म्हणाले.

नऊ वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मी एवढ्यासाठीच आलो होतो. तेवढं घेऊन निघायला हवं होतं.

मी पुन्हा विचारलं, तेल कुठलं घालू. हेच घालू ना?

त्यांनी हात फडक्याला पुसले. एकेक बोट वेगळं पुसलं.

“तुझी पाटी कुणी रंगवली रे?”

मी म्हणालो, रंगाऱ्यानं.

“आणि शब्द कुणी सांगितले?”

माझ्या गॅरेजवर हातभर लांब पाटी होती. तिच्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘वस्ताद ज्ञानदेव लोहार’.

आमच्या धंद्यात कुणी स्वतःला वस्ताद म्हणवून घेत नाही. लोक म्हणतात. त्यांना लोक म्हणायला लागले तेव्हा त्यांची पन्नाशी उलटली होती. मी बत्तिसाव्या वर्षी स्वतःच लिहून घेतलं होतं.

“मग मला कशाला विचारतोस, ज्ञानू? पाटीवरच्या वस्तादाला विचार.”

बाकावर दोन गिऱ्हाइकं बसली होती. ती हसली.

माझं डोकं फिरलं. मी नऊ वर्षांचं सगळं बाहेर काढलं. पहिली दोन वर्षं त्यांनी मला चहा आणायला आणि नट धुवायला ठेवलं. एकही माप कधी सरळ सांगितलं नाही. विचारलं की कोडं घालायचं, कोडं सुटेना की हसायचं. आता शिष्य पुढे गेला तर पोटात दुखतंय. हे सगळं मी गिऱ्हाइकांसमोर बोललो.

एवढ्यावर थांबलो नाही.

“तुम्हाला ठाऊकच नाही. म्हणून सांगत नाही.”

वस्तादांचे ओठ कोरडे पडले होते. त्यावरून त्यांनी जीभही फिरवली नाही. जबड्याचं हाड तेवढं हललं.

त्यांनी माझ्या डब्याचं झाकण लावलं. घट्ट केलं. डबा माझ्या हातात दिला.

“लवकर पेटणारं आणि जोरात पेटणारं... एकच का रे?”

“एकच,” मी म्हणालो.

“जा मग.”

मी गेलो.

रविवारी मी माझं तेल आणि पंपाचं तेल निम्मं-निम्मं मिसळून टाकीत ओतलं. गाडी पहिल्या किकला लागली. पिराजीनं मला अंगठा वर करून दाखवला.

पहिल्या फेरीत तो तिसरा होता. दुसरीत पहिला. मी कडेच्या दोरीला धरून उभा होतो.

तिसऱ्या फेरीला चढावर आवाज बदलला. हंड्यात खडे घालून हलवावा तसा. कडकडकड. मी तो आवाज ऐकला. अगदी स्वच्छ ऐकला. आणि शेजारच्या माणसाला म्हणालो, ऐका, इंजिन कसं बोलतंय.

मी असं म्हणालो, हे आजही मला खोटं वाटावंसं वाटतं. पण मी म्हणालो.

गाडी बांधावर चढली. हवेत गेली. हवेतच आवाज बंद झाला.

मागचं चाक आवळलेल्या स्थितीतच जमिनीला लागलं. पिराजी पुढे फेकला गेला आणि गाडी त्याच्यावर आली. गळ्याजवळचं हाड मोडलं, दोन बरगड्या गेल्या. अर्धा तास त्याला शुद्ध नव्हती. तो अर्धा तास मी मोजलेला आहे.

दुसऱ्या दिवशी इंजिन उघडलं. पिस्टनच्या माथ्याला भोक होतं, बोट आरपार जाईल असं. कडा उंदरानं भाकरी कुरतडावी तशा खाल्लेल्या. ठिणगी टाकणाऱ्या प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर चांदीसारखे बारीक ठिपके उडाले होते. ती चांदी म्हणजे वितळलेला पिस्टन.

प्लग वाचायला, त्याच्या रंगावरून आत काय घडलं ते ओळखायला, मला नऊ वर्षं शिकवलं होतं. मी वाचला. तेल ठिणगीसाठी थांबलंच नव्हतं. पिस्टन अजून वर येत होता, आणि नुसत्या दाबानं आणि तापानं ते आधीच फुटत होतं, पिस्टनच्या डोक्यावर. खडे वाजत होते ते हेच.

आकडा ताकदीचा नव्हता. दाबाखाली तेल किती वेळ न पेटता राहतं, त्याचा तो आकडा होता. माझ्या पहिल्या धारेच्या तेलाला थांबणं ठाऊकच नव्हतं.

आणि ते तेल होतं काय? रंगाच्या दुकानातून आणलेलं पांढरं पेट्रोल. कपड्यांवरचे डाग काढायला ड्रायक्लीनिंगवाले वापरतात ते. यंत्रांचे भाग पुसायला कारखान्यात वापरतात ते. शुद्ध होतंच. त्याच्या शुद्धपणात खोट नव्हती.

मग दुसरी गोष्ट ध्यानात आली.

वस्ताद आयुष्यभर जेट धूत आले होते. कशानं धूत होते? पांढऱ्या पेट्रोलनं. त्यांच्या बाकाखाली डबा असायचा, कुलूप लावलेला. आम्हा कामकऱ्यांना त्याला हात लावू देत नसत.

त्यांना तळहातावर घेतल्याबरोबर कळलं होतं.

ईद झाली. त्यानंतर चौथ्या दिवशी ते माझ्या गॅरेजवर आले. पायी आले, भर उन्हात, खांद्याला कापडी पिशवी. हा माणूस कधी कुणाच्या दारात गेलेला मी बघितला नव्हता. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, त्यांच्याकडे यायचं.

मी उठून उभा राहिलो नाही.

त्यांनी पिराजीची चौकशी केली. मी भोक पडलेला पिस्टन त्यांच्यापुढे टेबलावर आपटला. त्यांनी तो उचलला, भोकात बोट घातलं, आणि बोट तसंच राहू दिलं.

“तुम्हाला कळलं होतं?”

“हातावर घेतलं तेव्हाच.”

“मग बोलला का नाही? नुसतं ‘नको’ म्हणायचं होतं. एक शब्द.”

“म्हणालो की,” ते बोलले. मग स्वतःच मान हलवली. “नाही. कोडं घातलं.”

मी ओरडलो. बापाच्या वयाच्या माणसाला जे बोलू नये ते बोललो. तुमच्या कोड्यांनी कुणाचं भलं झालं ते एकदा सांगा, असं विचारलं. माझा राग माझ्यावर काढायचा होता, माझ्या भावाच्या हाडांवर का काढला, असं विचारलं. रस्त्यानं जाणारी माणसं थांबली. मी त्यांना बसा म्हटलं नाही, आणि ते बसले नाहीत. एकदाही मध्ये बोलले नाहीत. मी दमेपर्यंत ते उभे होते.

मी दमलो.

“तू पाटी लावलीस,” ते म्हणाले. “मला सोसलं नाही... तो गुरुवारचा रोजा माझा फुकट गेला.”

मी म्हणालो, तुमच्या रोज्याचं तुम्ही बघा.

“बघतो. पण देणं राहिलंय.”

“मला तुमचं काही नको.”

“तुझं नाही. तुझ्या भावाचं.”

त्यांनी पिशवीतून नवा पिस्टन काढला, आणि तांब्याचा एक पत्रा. माझ्या गॅरेजमध्ये, माझ्या बाकावर, माझी हत्यारं घेऊन ते चार दिवस काम करत होते. मी त्यांना हत्यारं देत होतो. न मागता देत होतो. नऊ वर्षांची सवय. बोलत मात्र नव्हतो.

तिसऱ्या दिवशी त्यांनी तो पत्रा हेडच्या मापानं कापला आणि हेडखाली बसवायला घेतला. पत्र्याच्या जाडीएवढं हेड वर येणार, आतली जागा वाढणार, दाब उतरणार. माझं अर्धं सूत ते निम्म्यावर आणत होते. मला राहवलं नाही. चांगला बांधलायस म्हणाला होता ना, असं मी ओरडलो.

“बांधलास चांगला. त्याला झेपणारं तेल कुठं होतं? हातात तेल कुठलं आहे ते बघून दाब ठेवायचा. आधी दाब चढवून मग दारोदार तेल शोधायचं नाही.”

नऊ वर्षांत त्यांनी कोडं न घालता सांगितलेलं हे पहिलं.

चौथ्या दिवशी ओळखीच्या ट्रकवाल्यानं पुण्याहून डबा आणला. त्र्याण्णवचं. मी हातावर घेतलं. रंग होता, वास होता, हात वाळायला वेळ लागला, वर पुसट डाग राहिला. पंपावर कुणी मला असं दिलं असतं तर शिळं म्हणून परत केलं असतं.

त्यांना चिडवायला मी झाकणात ओतून काडी लावली. पंपाच्या तेलासारखंच जळलं. तसंच आळशी, तशीच काजळी. मी त्यांच्याकडे बघितलं.

“उघड्यावर सगळंच जळतं,” ते म्हणाले, आणि झाकणावर ओलं पोतं टाकलं.

त्या संध्याकाळी मी पिराजीला सांगितलं की गाडी तयार आहे, हाड जुळलं की बस. तो खाटेवर होता, हात गळ्यात बांधलेला. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही.

“बसेन, दादा. दुसऱ्या कुणाच्याही गाडीवर बसेन.”

“हिच्यावर?”

“तू बांधलेल्या इंजिनावर नाही.”

तो रागावून बोलला असता तर बरं झालं असतं. शांतपणे बोलला. मी वस्तादांना हे सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते पिराजीला बघायला घरी गेले, तेव्हा त्यानंच सांगितलं असावं.

मे महिन्याची एकोणतीस तारीख, रविवार. आम्ही गाडी तलावावर नेली. पिराजीला वस्तादांनी रिक्षानं बोलावून घेतलं होतं. तो बाभळीखाली दगडावर बसला. आभाळ स्वच्छ होतं. तलावात आमच्याशिवाय कुणी नव्हतं.

मी किक मारली. इंजिन गरम व्हायला ठेवलं. हिच्यावर आता कुणाला बसवायचं, याचा विचार करत होतो. शेजारच्या गल्लीत एक जण होता, चार पैसे दिले की बसला असता.

वस्तादांनी डोक्यावरची टोपी काढली आणि पिराजीच्या बऱ्या हातात दिली. पायजम्याच्या दोन्ही कडा सुतळीनं घोट्याला आवळून बांधल्या.

मी म्हणालो, वस्ताद, काय करताय?

त्यांनी मला बाजूला सारलं आणि गाडीवर बसले.

पिराजी उठून उभा राहिला.

पहिली फेरी त्यांनी सावकाश घेतली. सगळे खड्डे बघून घेतले. दुसऱ्या फेरीला गाडी सोडली. पासष्ट वर्षांचा माणूस, पाठीत वाकलेला, उभ्या गाडीवरसुद्धा ज्याला पाय टाकायला त्रास होतो. गाडी बांधावर चढली तेव्हा मी डोळे मिटले. बघायचं नव्हतं, ऐकायचं होतं.

खडे वाजले नाहीत. मी डोळे उघडले.

चाकं जमिनीपासून हातभरच सुटली असतील. पण सुटली. पलीकडे आपटताना त्यांच्या तोंडून आवाज निघाला तो इंजिनाच्या आवाजातूनही ऐकू आला. गाडी डुलली, एक पाय जमिनीला घासला. पडले असं वाटलं. पडले नाहीत.

मी हात हलवून बस झालं म्हणत होतो. ते थांबले नाहीत.

तिसरी फेरी. तोच चढ, तोच बांध. ह्या वेळी त्यांनी चढावर जराही हात सैल केला नाही. पुरी ओढ देऊन, मूठ शेवटपर्यंत पिळून गेले. आवाज एकसारखा, चादर फाडावी तसा.

खाली उतरले आणि पिराजीच्या समोर येईपर्यंत ओढ तशीच ठेवली. मग एकदम इंजिन बंद केलं. असं ओढीवर बंद केलं की त्या घटकेचाच रंग प्लगवर राहतो, प्लग खोटं बोलत नाही. गाडी त्या वेगात सरपटत त्याच्या पायांपासून दोन हातांवर थांबली.

ते उतरले. गुडघा धरून क्षणभर वाकून राहिले. चेहरा, दाढी, सगळं मातीनं भरलं होतं. खिशातून पाना काढला, फडक्यात धरून प्लग खोलला. फडक्यातून धूर येत होता.

मी हात पुढे केला.

त्यांनी प्लग माझ्या हातात दिला नाही. पिराजीच्या पुढे धरला.

भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीचा रंग, तेल नीट जळल्याचा. ठिपका एकही नाही.

पिराजीनं बराच वेळ बघितलं. त्याला प्लग वाचता येत होता. माझ्याकडूनच शिकला होता. टोपी काखेत धरून त्यानं फडक्यासकट प्लग हातात घेतला, उजेडात फिरवला, दुसऱ्या बाजूनं बघितला. मग प्लग दगडावर ठेवला. एका हातानं टोपी झटकली आणि वस्तादांच्या डोक्यावर स्वतः बसवली.

वस्ताद गाडीकडे वळले. तिचं हँडल धरून त्यांनी तिचं तोंड बांधाकडे फिरवलं, आणि हँडल माझ्याकडे ढकललं.

“माझं फिटलं,” ते म्हणाले.